मदर जनरल शेवटच्या खुर्चीवर

३ मार्च

तर रोमचा माणूस येणार. नक्की! सकाळची मिस्सा-प्रार्थना आटोपून ऑफिसात आले तर बंगळूरच्या मुख्य मठाचा मेल — "परमगुरुस्वामी पोप यांचे खास प्रतिनिधी संघाच्या प्रत्येक घरी येऊन भगिनींचे मनोगत ऐकतील." मनोगत! दयामाता भगिनी संघात येऊन मला छत्तीस वर्षं झाली. माझं मनोगत आजवर फक्त स्वयंपाकघरातल्या मांजरीनं ऐकलंय, तेही दूध मिळेपर्यंत.

कारण मेलमध्ये नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मदर जनरलला, म्हणजे संघाच्या प्रमुखाला, दोनच मुदती, असा संघाचा नियम. आमच्या मदर युलालियांच्या दोन्ही संपल्या. मग त्यांनी तिसऱ्यांदा स्वतःला निवडून घेतलं. रोमनं कळवलं, हे चालणार नाही. मदरनी पत्र वाचलं आणि ठेवून दिलं. दुसरं आलं, तेही ठेवून दिलं. पोपसाहेबांना निळी टिक दाखवून गप्प बसणारी बाई जगात एकच असेल, आणि ती आमच्या नशिबी!

सिस्टर मोना — आमच्या घरातलं शेंडेफळ, मोबाइल खातं तिच्याकडे — म्हणाली, "म्हणजे सिस्टर, संस्थेवर प्रशासक नेमला की!" पोरगी मलकापूरची. दूध संघाच्या आणि साखर कारखान्याच्या गप्पा ऐकत वाढलीय. तिला चर्चचा कायदा वेगळा शिकवावा लागत नाही.

मला आनंद झालाय. इथं लिहून ठेवते, म्हणजे पापनिवेदनाच्या वेळी विसरणार नाही.

७ मार्च

आनंद का झाला तेही लिहावं. उगाच कुणाच्या वाईटावर असल्यासारखं नको. (आहेच, पण कारणासकट.)

कोल्हापुरात सरकारी दवाखान्यामागच्या गल्लीतलं हे आमचं घर, विसावा. वरच्या मजल्यावर आम्ही तिघी — मी इथली सुपीरियर, म्हणजे घरप्रमुख, मोना, आणि ऐंशी पार केलेल्या सिस्टर लुडविना, ज्यांना देवाशिवाय कुणाचं ऐकू येत नाही. खाली बायका. नवरा, मूल, सासू वॉर्डात पडलेली. रात्री बाईमाणसानं पाठ टेकायची कुठं? जिन्याखाली? म्हणून विसावा. गगनबावड्याच्या येतात, नेसरीच्या येतात, सीमेपलीकडच्या येतात. गॅस सामायिक, भांडण सामायिक, कुणाचा माणूस गेला की रडणंही सामायिक.

मदर युलालिया इथं एकदाच आल्या. दारातच थांबल्या. वाळत घातलेली लुगडी बघितली आणि म्हणाल्या, "एस्पेरान्स, हे कॉन्व्हेंट आहे की एसटी स्टँड?" तिसरं बाथरूम मागितलं — नाही. सोलर मागितला — नाही. अजून वर्षभर त्या खुर्चीवर राहिल्या तर विसाव्याला कुलूप लागणार, याबद्दल मला शंका नाही. त्या गेल्या तर विसावा वाचेल. एवढंच.

खोटं कशाला लिहू, एवढंच नाही. आजऱ्याला आई वारली तेव्हा युलालिया प्रांतप्रमुख होत्या. मातीला जायची रजा दिली आणि फोनवर म्हणाल्या, "दोन दिवस. रडायला दोन दिवस पुरतात." मला पुरले नाहीत. अजूनही पुरत नाहीत.

१५ मार्च

आले! फादर कायतान. मूळचे गोव्याचे, पण रोममध्ये इतकी वर्षं काढलेली की कोंकणीसुद्धा इस्त्री करून बोलतात. पांढरा झगा, पांढरे बूट. आमच्या गल्लीत पांढरे बूट! देव त्यांचं रक्षण करो, असं मी मनात म्हटलं. देवानं नाही केलं.

खालच्या चिमणाबाईंनी घोळ घातला. गगनबावड्याकडच्या एका वाडीतल्या या बाई. नवरा आकाराम महिनाभर वॉर्डात आहे, त्यामुळे त्या आता घरच्याच. "रोमवरनं पावणं येनार" एवढं ऐकलं आणि भल्या पहाटे जाऊन स्वतःच्या पैशानं मटण आणलं. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं. उपवासकाळातला शुक्रवार! आम्हाला मांसाचा वासही वर्ज्य, आणि पोपचे प्रतिनिधी ताटासमोर डोळे मिटून बसलेले. चिमणाबाईंना वाटलं, प्रार्थना चाललीय. संपेचना तेव्हा म्हणाल्या, "पावणं, गार व्हायला लागलंय की."

मी समजावलं. त्यांनी ताट उचललं, आणि आत जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटल्या, "इतक्या लांबनं आलंय आन उपाशी जातंय. कसला म्हनं ह्यांचा सायब!" फादरनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. मग पाणी प्याले. मग पुन्हा पाणी प्याले.

सीमेकडच्या शांतव्वांना मात्र काही समजवावं लागलं नाही. त्यांची लेक वॉर्डात आहे. भिंतीला टेकून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "स्वामी बदलायचा म्हटलं की मठात भांडण व्हतंयच, यव्वा. आमच्याकडं बी आसंच." झालं! बंगळूरहून येणाऱ्या सगळ्या मेलांचा सारांश.

दुपारी एकेकीला बोलावून मनोगत. फादर म्हणाले, "मदर युलालियांविषयी मोकळेपणानं सांगा." मी मोकळेपणानं सांगितलं. "फादर, त्यांना हटवा. आजच्या आज हटवता आलं तर फार बरं." ते हसले नाहीत. मग विचारलं, "या घरात भगिनी किती?" — "तीन." थोड्या वेळानं पुन्हा, "तीनच?" — "तीनच, पण आवाज तिसांचा." तेव्हाही हसले नाहीत. रोममध्ये बहुतेक परवानगी लागत असावी.

२७ मार्च

हटवलं! ऐन पवित्र आठवड्यात. मुख्य मठाचा कारभार फादर कायतान बघणार, मे महिन्यात महासभा, नवी मदर जनरल तिथं निवडायची. मोनानं मेल वाचून दाखवला, मी तोंड धुऊन आले — हसू दिसू नये म्हणून.

मग मोनानं खालची ओळ वाचली.

आमच्या संघात जुनी रीत आहे. संस्थापिका मदर क्लेमेन्स यांनी घालून दिलेली. पदावरून उतरलेली मदर संघाच्या सगळ्यात लहान घरी जाते आणि तिथं सगळ्यांत शेवटच्या खुर्चीवर बसते. सगळ्यांना वाढून मग जेवायचं, भांडी घासायची, आणि उठणं-बसणं सोडून प्रत्येक गोष्टीला त्या घरच्या सुपीरियरची परवानगी घ्यायची. कालची मदर आज सगळ्यांत धाकटी. वाचताना फार सुंदर वाटतं.

संघाचं सगळ्यात लहान घर कुठलं? कोल्हापूर. सुपीरियर कोण? मी.

देवा, विनोद पुरे.

२ एप्रिल

आल्या. मिरजेपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. हातात एक पिशवी. वय चौऱ्याहत्तर, पण पाठ अशी ताठ की आपोआप आपली पण ताठ होते. माझ्यापुढं गुडघे टेकले आणि रीतीचे शब्द म्हणाल्या, "सिस्टर सुपीरियर, मला या घरात जागा मिळेल का?"

मी लगेच "घर तुमचंच आहे" असं म्हणायचं असतं. मी जरा थांबले. फरशी कडक आहे आमची. मोना माझ्याकडे बघत होती म्हणून शेवटी म्हटलं.

जेवताना त्या मोनाच्याही खाली बसल्या. मोना नुसता भात चिवडत राहिली. तिला नवदीक्षित असताना याच बाईनं जोरात हसते म्हणून आठवडाभर मौन दिलं होतं.

३ एप्रिल

भांडी. मोठी पातेलीसुद्धा. मी मुद्दाम खालच्या बायकांचीही दिली. छान वाटलं.

१० एप्रिल

त्या खरंच प्रत्येक गोष्टीला परवानगी मागतात. दारात उभ्या राहून, हात बांधून. "सिस्टर सुपीरियर, खिडकी उघडू का?" "सिस्टर सुपीरियर, कपडे गच्चीवर वाळत घालू का?" सुरुवातीला गोड वाटलं. आता दिवसातून इतक्यांदा होतं की वाटतं, ही शिक्षा नक्की कुणाला?

आज म्हणाल्या, "डोळे दाखवायला जायचं होतं. उन्हाचं नीट दिसत नाही." मी म्हटलं, "बघू." हा 'बघू' मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी मान खाली घातली आणि गेल्या. मला वाटलं होतं, आता तरी समाधान होईल. झालं नाही. संध्याकाळी मोनाबरोबर पाठवून दिलं दवाखान्यात. मोतीबिंदू आहे.

१९ एप्रिल

शेवटची खुर्ची वगैरे ठीक, पण हुकूम सोडायची खोड कुठं जाणार? सिस्टर युलालियांनी खालच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतलाय. कोणी कधी शेगडी वापरायची, भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. चिमणाबाई वर आल्या भांडायला. "सिस्टर, ह्या म्हातारीला कुटनं आनलाय वो? भांडी घासत्या आन हुकूम बी तिचाच! मी म्हटलं, आजे, तू हितं कामाला हाईस का कलेक्टर हाईस? तर म्हनत्या, आदी ताट पालथं घाल!"

"मग घातलं का?" — "घातलं की. काय करतो!"

पण एक आहे. शांतव्वांच्या लेकीची तब्येत परवा फार बिघडली, तेव्हा सिस्टर युलालिया रात्रभर त्यांच्याबरोबर वॉर्डाबाहेर बसल्या. शांतव्वांचं कानडी इथं कुणाला धड येत नाही. युलालिया बेळगावच्या. मला विचारून गेल्या आणि सकाळी परत आल्या. काय बोलल्या दोघी, माहीत नाही. शांतव्वा आता मला 'सिस्टर' म्हणतात आणि त्यांना 'अक्का'. मला राग आला. का आला, ते शोधायला गेले नाही.

२६ एप्रिल

फादर कायतान यांचं परिपत्रक. पाचपेक्षा कमी भगिनी असलेल्या घरांत "खऱ्या अर्थानं सामुदायिक जीवन घडत नाही", सबब ती घरं बंद करावीत, असा रोमचा जुनाच आदेश, आता अंमलबजावणी. पहिलं नाव — कोल्हापूर. पंधरा ऑगस्टच्या आत.

सामुदायिक जीवन! फादरनी एकदा सकाळी आमच्या बाथरूमपाशी रांगेत उभं राहावं.

मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. लुडविनांना ऐकू आलं नाही, मोना रडायला लागली. शेवटच्या खुर्चीवरून आवाज आला, "सिस्टर सुपीरियर, बोलायची परवानगी आहे?"

"बोला."

"ही यादी मला रोमच्या पहिल्या पत्रातच आली होती. मी उत्तर दिलं नाही."

मी हातातला घास खाली ठेवला. म्हटलं, "म्हणजे विसावा तुम्ही वाचवत होतात?"

"विसाव्याचं मला काही नव्हतं. हे घर मला तेव्हा आवडलं नव्हतं आणि बाथरूमचं अजून आवडत नाही. पण माझ्या संघातलं कुठलं घर बंद करायचं, ते मला कुणी तिथून सांगायचं नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली.

गर्व! निव्वळ गर्व. त्या गर्वाच्या भिंतीआड आम्ही इतके दिवस सुखात होतो. आणि ती भिंत पाडा, आजच्या आज पाडा, असं कोण म्हणालं? मोकळेपणानं?

आज प्रार्थनेत मन लागलं नाही. स्वतःचीच लाज वाटतेय.

३० एप्रिल

खाली सांगावं लागलं. मग चिमणाबाई, "पर तुमच्या त्या रोमात मानसं आजारीच पडत न्हाईत व्हय?"

एकच वाट आहे. नव्या मदर जनरलनं मनात आणलं तर एखाद्या घराला सूट देता येते, असं मोनानं नियमावलीत शोधून काढलंय. म्हणून महासभेत जो पक्ष विसाव्याचं वचन देईल त्याला माझं मत. कोल्हापूरची आहे मी. मताचा सौदा काय असतो ते मला कुणी शिकवायला नको.

बंगळूरला निघताना युलालियांना म्हटलं, "मी येईपर्यंत मोनाला विचारून करा सगळं." त्या म्हणाल्या, "नियमात सुपीरियर लिहिलंय. मोना नाही लिहिलं." डोकं उठवते ही बाई.

७ मे, बंगळूर

दूध संघाच्या निवडणुकीआधी आमच्याकडं मतदारांना सहलीला नेतात. हिलस्टेशन, चांगलं जेवण, फोन काढून घेतलेले, दुसऱ्या पॅनेलची सावली पडू नये याची काळजी. आमच्याकडं याला 'आध्यात्मिक साधना' म्हणतात. बाकी हिलस्टेशनसकट सगळं तेच!

दोन पॅनेल आहेत. एक युलालियांच्या उजव्या हाताचं. तिला मी बंगळूरवाली म्हणते. दुसरी चार वर्षं रोममध्ये शिकून आलेली, फादरच्या मर्जीतली, ती रोमवाली. पहिली सकाळी माझ्याबरोबर बागेत फिरली आणि म्हणाली, "कोल्हापूर? कोल्हापूरला कोण हात लावतं!" दुसरी संध्याकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "कोल्हापूर माझ्या हृदयात आहे." तिला कोल्हापूर कुठं आहे विचारलं असतं तर नागपूरजवळ म्हणाली असती.

दोघींना हो म्हटलं.

१० मे, बंगळूर

सरळ लिहिते, जसं झालं तसं.

मतदानाआधी सभागृहाचं दार लावून एक प्रश्न विचारतात. हीसुद्धा मदर क्लेमेन्सची रीत — "ज्या भगिनीला हे ओझं नको असेल, तिनं आत्ता उठून सांगावं. जी गप्प राहील ती तयार आहे, असं धरलं जाईल." मग उमेदवार सोडून आम्ही सगळ्या रांगेनं उठतो आणि "मला नको" म्हणून बसतो. शाळेत हजेरी देतात तसं. मी आजवर प्रत्येक महासभेत म्हटलंय.

आज नेमका त्याच्या आधी झग्याच्या खिशात फोन थरथरला. फोन साधनेच्या सुरुवातीलाच जमा करायचा असतो. मी केला नव्हता. नाव बघितलं — चिमणाबाई. आकाराम गेला की काय! मी पोट धरून बाहेर पळाले, बाथरूमला जाते असं दाखवून.

"सिस्टर, हितं टायवाला मानूस आलाय, टेप घिऊन! घर मोजायला म्हनं, मठानं धाडलंय!"

"मग? आत घेतलंत?"

"कुटलं वो! तुमची म्हातारी दारात आडवी बसल्या. म्हनत्या, मी शेवटच्या खुर्चीची, मला दार उघडायची परवानगी न्हाय. सुपीरियर बंगळूरला हाय, तिला इचारून या. आन मोनाबाय तर कड्या लावून वर बसल्या! त्यो बाबा घामाघूम झालाय. त्येला च्या दिऊ का नगो?"

"द्या. बाहेरच द्या."

एवढं हसले मी त्या व्हरांड्यात! कित्येक वर्षांत अशी हसले नव्हते. डोळे पुसून आत आले तर मतपत्रिका वाटणं चालू झालेलं. मला काही वाटलं नाही. कोण मत देतंय मला!

पहिली फेरी, बरोबरी. दुसरी, बरोबरी. तिसरी, तेच. दोन्हीकडच्या बायका इरेला पेटलेल्या. मग जेवणाची सुट्टी आणि कुजबुज. दुपारी फादरनी चौथ्या फेरीची मतं वाचली — "सिस्टर एस्पेरान्स बार्देस्कर." पुन्हा, "सिस्टर एस्पेरान्स बार्देस्कर." मला वाटलं, चिठ्ठ्या चिकटल्यात. बंगळूरवालीला रोमवाली नको होती, रोमवालीला बंगळूरवाली नको होती, आणि "मला नको" न म्हटलेली तिसरी एकच होती. निरुपद्रवी. कोल्हापूरची. लगेच हो म्हणते.

मी उठून ओरडलेच, "फादर, मी बाहेर होते!"

फादर शांतपणे म्हणाले, "रीत सांगते, जी गप्प राहील ती तयार. आपण बाहेर होतात, पण गप्पच होतात." आणि मग विचारलं, "स्वीकारता?"

नाही म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. मग आठवलं — सूट कोण देऊ शकतं? मदर जनरल.

"स्वीकारते."

१४ मे, बंगळूर

पहिलं काम — कोल्हापूरला सूट. सही केली, शिक्का मारला, कागद फादरच्या टेबलावर नेऊन ठेवला. संघाला सावरायला म्हणून रोमनं त्यांना अजून वर्षभर 'मार्गदर्शक' नेमलंय. त्यांनी कागद वाचला आणि बोटांनी हळूच माझ्याकडे परत सरकवला. "मदर, अशी सूट द्यायला सध्या रोमची संमती लागते."

"नियमावलीत नाही तसं."

"मार्गदर्शकाच्या नियुक्तिपत्रात आहे."

वा! खुर्ची माझी, शिक्का माझा, आणि शाई रोमची.

२० जून

रोमचं उत्तर. तीन ओळी, त्यातल्या दोन आशीर्वादाच्या. तिसरी: सूट नाही.

इथं मला सगळे 'मदर' म्हणतात. खोलीत एसी आहे. मी बोलले की चार जणी लिहून घेतात. काल म्हटलं, "आमटीत मीठ जास्त आहे," तेही लिहून घेतलं. विसाव्यात कुणी माझं ऐकत नव्हतं. तिथं जास्त कामं होत होती. फार एकटं वाटतंय.

१६ जुलै

रात्री मोनाचा फोन. शांतव्वांची लेक घरी गेली, चालत. आकाराम अजून आहे. गगनबावड्याकडं धो-धो पाऊस, पेशंट वाढलेत, खाली पाय ठेवायला जागा नाही. बंद करायच्या घराला एवढी गर्दी शोभत नाही, हे कुणीतरी पावसाला सांगा.

मग फोनवर युलालिया आल्या. "मदर, ऐक." हाक 'मदर' आणि बोलणं अरे-तुरे, ही कसरत त्यांनाच जमते. "तुझ्या जागी इथं कुणी नेमलेलं नाही, किल्ल्या माझ्याकडे, म्हणजे घर बंद करायची आज्ञा तू मला पाठवणार. पाठव. मी कुलूप लावणार नाही. तू वर कळव की सिस्टर युलालिया ऐकत नाही. तुझं काही बिघडत नाही."

"आणि तुमचं?"

"रोमचं न ऐकायचा मला अनुभव आहे," त्या म्हणाल्या. "ठेवते. भांडी पडलीत."

९ ऑगस्ट

गंमत बघा. फादर कायतान यांच्या डोक्यातही हेच आलं! समजावून सांगत होते, मुलाला गणित सांगावं तसं. "मदर, आपण सिस्टर युलालियांना घर बंद करायची लेखी आज्ञा करा. त्या मोडणारच. स्वभाव माहीत आहे. मग नियमाप्रमाणे त्यांना संघातून मुक्त करता येईल, पोलीस न बोलावता घरही रिकामं होईल. एकाच वेळी दोन प्रश्न सुटतात."

मुक्त करता येईल! चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला, एका डोळ्यानं नीट दिसत नसलेल्या, एका पिशवीसकट रस्त्यावर सोडायचं. याला चर्चच्या कायद्यात मुक्ती म्हणतात.

मी म्हटलं, "बघू."

१२ ऑगस्ट

आज्ञा लिहून काढली. चांगली झालीय. 'प्रिय भगिनी'पासून 'ख्रिस्तात आपली'पर्यंत कुठं बोट ठेवायला जागा नाही. फक्त सही राहिलीय.

माझा युलालियावरचा राग गेलेला नाही. ते सोंग मला जमणार नाही. सही केली तर सगळे म्हणतील, नवी मदर किती शिस्तीची! रोम खूश, दोन्ही पॅनेल खूश, माझे हात स्वच्छ. विसावा जाईल, पण तो युलालियाच्या हट्टापायी गेला असं लोक म्हणतील, माझ्यामुळे नाही. आणि ती म्हातारी हे सगळं समजून-उमजून दारात बसलीय.

कागद फाडला नाही. फाडायला भीती वाटते. रोमची खरंच भीती वाटते मला — ही थट्टा सगळी त्यासाठीच चालते. छत्तीस वर्षं आज्ञा पाळली, दुसरं काही येतच नाही.

१४ ऑगस्ट

फादर कायतान आले. "उद्या मुदत संपते. सिस्टर युलालियांनी आज्ञा मोडली, असं रोमला कळवतो."

"मोडायला आधी आज्ञा लागते, फादर. मी केलेली नाही. करणारही नाही."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग विचारलं, "रोमला काय कळवू?"

"कळवा की — नवी पण तसलीच निघाली."